रुप्याचा खिळा

मुंबईत बांधलेले एक लाकडी लढाऊ गलबत दोनशे वर्षे उलटून गेली तरी पाण्यावर तरंगते आहे, असे मी सांगितले की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग हळूच विषय बदलतो. त्याचे तरी काय चुकले? आमच्या मुंबईतल्या चाळी पन्नाशीतच टेकू मागू लागतात. पावसाळ्यात बांधलेला रस्ता दिवाळीपर्यंत टिकला तरी आपण समाधान मानतो. मग दोनशे वर्षांचे लाकूड, आणि तेही खाऱ्या पाण्यात!

पण गोष्ट खरी आहे. गलबताचे नाव 'त्रिंकोमाली'. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ते पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल या गावी आहे, आणि इंग्रजांच्या लढाऊ गलबतांपैकी अजून तरंगत असलेले सर्वांत जुने गलबत म्हणून लोक तिकीट काढून ते पाहायला जातात. नेल्सनचे जगप्रसिद्ध 'व्हिक्टरी' याहून पुष्कळ जुने खरे, पण ते सुक्या गोदीत टेकूंवर उभे आहे. पाण्यावरचा मान आमच्या मुंबईकरणीचा!

मी आरमारातला माणूस नव्हे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाईपर्यंतच माझ्या पोटात कालवाकालव होते. पण जशी काही माणसांना पोस्टाची तिकिटे जमवायची हौस असते, तशी मला जुन्या गलबतांच्या कुंडल्या जमवायची हौस आहे. जन्म कुठे, बांधणारा कोण, कुणाशी लढले, शेवट कसा झाला, हे टिपून ठेवायचे. हा छंद फुकट आहे, घरात जागा अडवत नाही आणि त्यामुळे पत्नीचीही त्याला हरकत नाही. या टिपणांत मुंबईच्या गलबतांची पाने मात्र इतकी रंगतदार निघाली, की या दिवाळीत ती वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवेना.

सुरतेचा सुतार

या कथेची सुरुवात १७३६ साली होते. ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी नावाच्या पारशी कारागिराला मुंबईस आणले. जहाजे बांधणारा तो 'वाडिया'. पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. १७५० साली मुंबईत दगडी सुकी गोदी बांधून झाली. सुकी गोदी म्हणजे दरवाजा असलेला प्रचंड हौदच. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी जाऊ द्यायचे, दार लावायचे, की जहाजाचा तळ कारागिराच्या हाताशी येतो. मुंबईच्या भरती-ओहोटीतले अंतर मोठे, त्यामुळे निसर्गच फुकटचा पंप चालवीत होता.

दुसरी देणगी सागवानाची. मलबारच्या जंगलांतून हे लाकूड येई. इंग्लंडात जहाजे ओकची बांधीत, आणि चौऱ्याहत्तर तोफांच्या एका गलबताला ओकची सुमारे दोन हजार झाडे लागत असे सांगतात. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडची ओकची राने विरळ झाली. शिवाय ओकमध्ये एक प्रकारचे आम्ल असते. ते लोखंडी खिळे-बोल्टांना खाते. सागवानाचे तसे नाही. त्याच्या अंगचे तेल लाकडालाही राखते आणि लोखंडालाही. ज्यांच्या घरी आजीच्या माहेरचे सागवानी कपाट आहे, त्यांना याचा दाखला दुसरीकडे शोधायला नको.

तिसरी गोष्ट कारागिराच्या हाताची. मुंबईच्या गोदीत फळ्या नुसत्या एकमेकींना भिडवीत नसत. त्यांच्या कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत बसवीत आणि सांध्यात राळ व कापूस भरीत. पाणी शिरायला वाटच नको! जहाजाच्या तळाला जे लांबच लांब मुख्य लाकूड असते, ज्याला आपल्याकडचे नावाडी 'पठाण' म्हणतात, ते बसविताना त्यात रुप्याचा खिळा ठोकायची पारशी कारागिरांची रीत होती. 'त्रिंकोमाली'च्या पठाणात असा खिळा एप्रिल १८१६ मध्ये ठोकला गेला. घराच्या पायात आपण पंचरत्ने घालतो, तसलाच हा भाव.

बुडालेले नकाशे

खरे तर हे गलबत कितीतरी आधी पाण्यात दिसायचे. त्याला उशीर झाला, त्याची हकीकत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे.

'त्रिंकोमाली' बांधायचा हुकूम १८१२ साली निघाला. बांधणीचे नकाशे 'जावा' नावाच्या लढाऊ गलबतावरून मुंबईकडे रवाना झाले. 'जावा'वर आणखीही माल होता: मुंबईत तयार होत असलेल्या जहाजांच्या तळाला ठोकायचे तांब्याचे पत्रे. आणि एक बडा उतारूही होता: मुंबईच्या फौजेची सूत्रे हाती घ्यायला निघालेला सेनापती सर टॉमस हिस्लॉप. पण त्याच साली इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या गलबताशी 'जावा'ची गाठ पडली. काही तासांत 'जावा'च्या डोलकाठ्या कोसळल्या, निशाण उतरले, आणि दोन-तीन दिवसांनी अमेरिकनांनी ते जाळून टाकले. मुंबईचे नकाशे आणि तांबे अटलांटिकच्या तळाशी गेले. नकाशांच्या नकला करून पुन्हा पाठविण्यात वर्षे गेली.

आता गंमत पाहा. ज्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने हे नकाशे बुडविले, ते १७९७ सालचे गलबत अमेरिकनांनी बोस्टनच्या बंदरात आजवर प्राणपणाने जपले आहे आणि तेही पाण्यावर आहे. मारेकरी आणि जिला जन्मापूर्वीच मारायचे ती, दोघेही दोनशे वर्षांची झाली, समुद्राच्या दोन काठांवर सुखाने नांदत आहेत!

आणि तो उतारू? हिस्लॉप कैदी झाला, सुटला, इंग्लंडला परतला आणि पुढे मद्रासच्या फौजेचा सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. तारखा शेजारीशेजारी मांडून पाहिल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. १२ ऑक्टोबरला 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरली तेव्हा नवरात्र चालू होते. आठवड्याने पुण्यात बाजीरावांनी शेवटचा दसरा पाहिला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. घाटाखाली आपल्याच मातीतले कारागीर जगात नाव काढील असे गलबत इंग्रजांसाठी घडवीत होते, आणि घाटावर राज्य जात होते. दोन्ही गोष्टी एकाच मोसमातल्या.

सागवानी भावंडे

'त्रिंकोमाली'ला भावंडे पुष्कळ. त्यांतली काही तर तिच्याहून करामती.

थोरले 'साल्सेट', १८०५ चे. साल्सेट म्हणजे आपली साष्टी, ठाणे-वसईकडची! हे गलबत १८१० साली तुर्कस्तानच्या दारात, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ उभे होते. त्यावर एक तरुण इंग्रज कवी पाहुणा होता. प्राचीन ग्रीक कथेतला प्रियकर ही सामुद्रधुनी रोज रात्री पोहून जाई, तर आपण का नाही, असे त्याच्या मनाने घेतले. ३ मे १८१० रोजी गलबतावरच्या एका लेफ्टनंटला जोडीला घेऊन तो तासा-सव्वातासात पलीकडे पोहून गेला आणि जन्मभर त्याची बढाई मारीत राहिला. हा कवी म्हणजे लॉर्ड बायरन. कॉलेजात बायरन वाचलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या दिवशी त्याला घेऊन आलेल्या गलबताचे नाव ठाण्याजवळच्या बेटाचे होते?

त्यानंतरचे 'मिंडेन', १८१० चे, चौऱ्याहत्तर तोफांचे. इंग्लंडच्या आरमारासाठी ब्रिटिश बेटांबाहेर बांधले गेलेले पहिल्या फळीतले हे पहिले गलबत. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. या गलबताविषयी एक कथा फार आवडीने सांगितली जाते, की अमेरिकेचे राष्ट्रगीत १८१४ साली फ्रान्सिस स्कॉट की याने या गलबतावर लिहिले. कथा गोड आहे, पण खरी धरू नये. की हा त्या रात्री एका कैद्याच्या सुटकेच्या बोलणीसाठी आलेल्या आपल्या छोट्या अमेरिकन गलबतावर होता. 'मिंडेन'ला उसन्या दागिन्यांची गरजही नाही. म्हातारपणी ते हाँगकाँगच्या बंदरात तरंगते इस्पितळ झाले, आणि त्या शहरातल्या एका रस्त्याला आजही त्याचे नाव आहे.

'कॉर्नवॉलिस' १८१३ चे. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनमध्ये नानकिंगजवळ याच गलबतावर तहावर सह्या झाल्या आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळाले. अफूच्या व्यापारापायी लादलेल्या लढाईचा तो तह. ज्या फळ्या इतक्या निगुतीने बसविल्या, त्यांच्यावर बसून काय लिहिले जाईल हे सुताराच्या हाती थोडेच असते! पुढे याच गलबताचा इंग्लंडातल्या शीअरनेसला धक्का म्हणून उपयोग झाला आणि ते मोडले १९५७ साली. म्हणजे मुंबईत नेपोलियनच्या काळी बसविलेले सागवान हिंदुस्थान स्वतंत्र होऊन दहा वर्षे झाली तरी पाण्यात पाय रोवून उभे होते.

'एशिया' १८२४ चे, चौऱ्याऐंशी तोफांचे. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ग्रीसच्या नॅव्हारिनो उपसागरात इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की व इजिप्ती आरमार बुडविले, तेव्हा इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टनचे निशाण याच गलबतावर फडकत होते. निव्वळ शिडाच्या गलबतांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. तिने ग्रीसच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली.

'गंगे'ची गोष्ट मात्र मला सर्वांत प्रिय. इंग्रज तिला 'गँजीस' म्हणत. १८२१ सालचे हे गलबत १८५९ साली पॅसिफिकमध्ये होते. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधल्या सान वान बेटावर एका अमेरिकनाने, बटाटे खाल्ले म्हणून, इंग्रज कंपनीचे एक डुक्कर गोळी घालून मारले. प्रकरण चिघळले, दोन्ही बाजूंनी सैनिक जमले, तोफा रोखल्या गेल्या. तेव्हा 'गंगे'वरचा इंग्रज दर्यासारंग बेन्स याने साफ सांगितले, की एका डुकराच्या भांडणापायी मी दोन मोठ्या राष्ट्रांना युद्धात लोटणार नाही. त्या सबंध प्रकरणात मेले ते एक डुक्करच. चौऱ्याऐंशी तोफा असून त्या न डागणे, हा पराक्रम माझ्या टिपणवहीत मी लाल शाईने लिहून ठेवला आहे. कॅनडाच्या त्या किनाऱ्यावर एका बंदराला 'गंगे'चे आणि एका खाडीला 'त्रिंकोमाली'चे नाव आजही आहे.

आणि 'वेलस्ली', १८१५ चे. याचेही नकाशे 'जावा'बरोबर गेले, म्हणून ते 'कॉर्नवॉलिस'च्या नमुन्यावर बांधले. असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांशी लढलेल्या वेलस्लीचे, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, हे नाव. १८३९ साली त्याच्या तोफांपुढे कराची पडली. मग म्हातारपणी नाव बदलून टेम्स नदीत ते वाट चुकलेल्या मुलांची शाळा झाले. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर जर्मन विमाने बाँब टाकीत होती, त्यांतले काही याच्याजवळ पडले आणि सव्वाशे वर्षांचे गलबत नदीत बसले. शिडाच्या काळातले मोठे लढाऊ गलबत विमानाने बुडविल्याचे हे एकच उदाहरण सांगतात. विमान म्हणजे काय हे ज्यांच्या स्वप्नातही आले नसेल, अशा हातांनी मुंबईत ते बांधले होते.

नाव कुणाचे?

या गलबतांना नावे दिली ती गव्हर्नरांची, सेनापतींची, लढायांची. बांधणाऱ्याचे नाव कुठे? वाडिया घराण्याच्या इतिहासात एक आख्यायिका आहे. जमशेटजींनी बांधलेले एक गलबत पुष्कळ वर्षांनी दुरुस्तीला आले, तेव्हा आतल्या तुळईवर कोरलेली अक्षरे सापडली. त्यांचा भावार्थ असा, की हे गलबत एका काळ्या माणसाने बांधले आहे, इसवी सन १८००; आणि 'काळ्या'च्या आधी इंग्रजी शिवीही होती. गोऱ्या साहेबाच्या तोंडी जो शब्द रोज येई, तोच त्यांनी सही म्हणून कोरून ठेवला! आख्यायिकेची साक्ष कोर्टात चालत नाही. पण ही सांगणारी माणसे ती का जपतात, ते समजते.

जमशेटजींचे नाव निदान राहिले. करवतीवर वाकलेल्या, राळ उकळणाऱ्या, खाचा पाडणाऱ्या शेकडो हातांची तेवढीही नोंद नाही. आणि आपल्या स्वतःच्या आरमाराचे तर विचारूच नये. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रज समुद्रातून आले, आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या मदतीला होती, हे दुःख वेगळेच. पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या 'रिस्टोरेशन' या गलबतावर गोळा पडून आग लागली आणि ती दोरीदोरीने पसरत गेली. एक गुराब आज आपल्या मुलांना दाखवावी म्हटले, तर दाखवायला एक नाही.

बांधणे आणि जपणे

कुंडल्या जमवता जमवता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. जहाज बांधणे ही एक विद्या, आणि ते जपणे ही दुसरी. पहिली ज्याला येते त्याला दुसरी येतेच असे नाही.

इंग्रजांनाही ती सहज आली नाही. 'त्रिंकोमाली' १८९७ साली भंगारवाल्याला विकली गेली होती. त्याच वर्षी जॉफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाचे 'फूद्रॉयाँ' हे नेल्सनच्या वेळचे गलबत वादळात किनाऱ्यावर आपटून फुटले. पठ्ठ्याने भंगारवाल्याकडून 'त्रिंकोमाली' विकत घेतली, तिला फुटलेल्या गलबताचे नाव दिले आणि मुलांना दर्यावर्दीपण शिकवायला वापरली. म्हणजे एक गलबत फुटले म्हणून दुसरे वाचले. पुढे तिच्या शेजारी 'इम्प्लेकेबल' हे ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेले गलबत नांगरलेले असे. युद्धानंतर त्याच्या दुरुस्तीला पैसा मिळाला नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी आरमाराने ते समारंभपूर्वक भर समुद्रात नेऊन सुरुंग लावून बुडविले. लोक हळहळले. 'पुन्हा असे नाही' ही त्या हळहळीतूनच निघालेली घोषणा. १९८७ साली आपली मुंबईकरीण हार्टलपूलला गेली, १९९२ साली तिला तिचे नाव परत मिळाले आणि २००१ साली दुरुस्ती पुरी झाली. तिने कोणतीही मोठी लढाई मारलेली नाही. तरी ती जपली, कारण तेव्हा कुणाला तरी ती हवीशी वाटली.

आणि आम्ही? 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी आपल्या आरमारात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मग काही वर्षे ती मुंबईत तरंगते संग्रहालय होती. आम्हीही मुलांना घेऊन गेलो होतो. धाकट्याने विचारले होते, "बाबा, ही इथेच राहणार ना आता?" मी मोठ्या आत्मविश्वासाने होय म्हटले नाही, एवढेच माझे शहाणपण. २०१२ साली संग्रहालय बंद झाले. २०१४ साली लिलाव झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्याच्या किनाऱ्यावर गॅसच्या ज्योतींनी तिचे तुकडे पडू लागले. तिचे काही पोलाद मोटारसायकली बनविण्यासाठी गेले. पैसा लागतो, जागा लागते, तळ गंजलेला असतो, ही सगळी कारणे खरी होती. 'इम्प्लेकेबल'च्या वेळीही ती खरीच होती.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे बांधलेली नवी 'विक्रांत' आरमारात दाखल झाली. बांधण्याची विद्या आपल्याकडे परत आली, याचा आनंद मलाही झाला. दुसरी विद्या मात्र अजून शिकायची आहे.

फोर्टमधून कुलाब्याकडे जाताना लायन गेटाची भिंत लागते. त्या भिंतीआड लवजीच्या वेळची गोदी आहे, तिच्या शेजारी जमशेटजींची डंकन गोदी आहे. आरमाराचा मुलूख असल्यामुळे आत जाता येत नाही. पण मुले बरोबर असली तर भिंतीपाशी दोन मिनिटे थांबावे आणि त्यांना सांगावे, की इथे बांधलेल्या लाकडाने चीन पाहिले, ग्रीस पाहिला, कॅनडात नाव ठेवले. आणि त्यातले एक अजून तरंगते आहे. मूल बहुधा विचारील, "मग ते आपल्याकडे का नाही?" त्याला उत्तर काय द्यायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण प्रश्न मात्र त्याला विचारू द्यावा. रुप्याचा खिळा असाच कुठेतरी ठोकून ठेवायचा असतो.